गती आणि होडीचा तोल

चालत्या सायकलचा तोल सहज राहतो. ती थांबली की कलंडते. होडीचे तसे नसते. किनाऱ्याला बांधून ठेवलेली होडीही पाण्यावर सरळ उभी राहते. मग होडीच्या तोलाशी गतीचा काहीच संबंध नाही काय?

स्थिर होडीचे वजन तिला खाली खेचते, तर पाणी तिला वर उचलून धरते. होडी एका अंगाला कलली की त्या अंगाचा अधिक भाग पाण्यात बुडतो. त्यामुळे पाण्याचा आधार त्या बाजूला सरकतो आणि होडी पुन्हा सरळ होते. मात्र भार फार उंचावर असेल, तर हा आधार अपुरा पडतो. म्हणूनच लहान होडीत उतारूंनी उभे राहू नये. कोकणात काही अरुंद होड्यांच्या एका अंगाला आडव्या दांड्यांनी लाकडाचा ओंडका जोडतात. त्याला उलांडी म्हणतात. होडी थांबलेली असतानाही ही उलांडी तिला सावरून धरते.

गती या मूळ तोलाची जागा घेत नाही. ती सुकाणूला बळ देते. सुकाणू वळविले की त्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या दाबामुळे होडीचे तोंड फिरते. खवळलेल्या समुद्रात यंत्र बंद पडले, तर हा प्रवाह थांबतो. सुकाणू निरुपयोगी होते आणि होडी हळूहळू लाटांना आडवी होऊ लागते. समोरून आलेल्या लाटेवर होडी चढते व उतरते. तीच लाट कुशीवर आदळली, तर होडी उलटू शकते. अशा वेळी होडीच्या पुढील टोकाकडून नांगर सोडल्यास तिचे तोंड लाटांकडे राहण्यास मदत होते.

तथापि अधिक गती म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे. वेगात असताना एकाएकी वळण घेतल्यास होडी धोकादायकरीत्या कलते. मागून येणाऱ्या लाटांच्या वेगानेच होडी जाऊ लागली, तर ती लाटेच्या माथ्यावर दीर्घकाळ राहते. तेथे तिच्या दोन्ही टोकांखालचा पाण्याचा आधार कमी होतो, सुकाणूची पकड सैल होते आणि होडी अचानक आडवी फिरू शकते. अशा वेळी वेग कमी करून लाटांना पुढे जाऊ देणे हिताचे ठरते.

थोडक्यात, होडीला सावरते ती तिची बांधणी आणि तळाशी ठेवलेला भार. गती तिला दिशा राखण्याचे सामर्थ्य देते. पण ते सामर्थ्य लाटांचा अंदाज घेऊन वापरले, तरच होडीतील माणसे सुखरूप किनाऱ्याला लागतात.