नाचणी, कलेजी आणि सहा महिन्यांचे बाळ

आमच्या डेव्हन ॲव्हेन्यूच्या एका तुकड्याला गांधीजींचे मानाचे नाव आहे, दुसऱ्याला गोल्डा मेयर यांचे. एकीकडे वाण्याकडे नाचणी व मसूर मिळते, आणि काशेर कोंबडीसाठीही फार लांब जावे लागत नाही.

थोरल्या नातवाच्या वेळी मी हट्टाने त्याला दोन्ही वेळ नाचणीची पेज दिली, वर पेलाभर गाईचे दूध. 'नाचणीत लोह असते' हे मी शाळेतही मुलांना शिकवले होते! तो वर्षाचा झाला तेव्हा रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन कमी. लेक मला एक शब्दही बोलली नाही. तेच जास्त लागले. आता धाकटी नात सहा महिन्यांची झाली आहे, म्हणून या खेपेस नीट समजून घेतले.

बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येते. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह अगदी थोडे असते, आणि बाळंतिणीने अळिवाचे कितीही लाडू खाल्ले तरी दुधातले लोह वाढत नाही. सातव्या महिन्यापासून वर्षापर्यंत बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागते, असे येथील डॉक्टर मानतात. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. बाळ खाणार एक-दोन चमचे पीठ! हिशेब तेथेच चुकला होता.

नाचणी सोडू नये, पण मोड आणून घ्यावी. रात्रभर भिजवून फडक्यात बांधावी, मोड आले की सुकवून मंद भाजावी, दळून चाळावी. मोडांमुळे लोह अंगी लागण्यातला अडथळा कमी होतो. पेज पाण्यात किंवा आपल्या सवयीप्रमाणे नारळाच्या दुधात शिजवावी, म्हणजे त्याच जेवणात कोंबडीही चालते. मीठ, साखर, गूळ नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको.

मांसातले लोह धान्यातल्यापेक्षा सहज शोषले जाते. कोंबडीची कलेजी चिरून, धुऊन, मीठ लावून आपल्या रीतीप्रमाणे उघड्या आचेवर पूर्ण भाजावी व पाणी घालून गुळगुळीत वाटावी. एक चमचा, आठवड्यातून एकदाच, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते. इतर दिवशी मऊ शिजवलेली कोंबडी किंवा मसुरीचे घट्ट वरण, त्यात टोमॅटो किंवा लिंबाचे दोन थेंब. आंबटाने लोह अंगी लागते. चहाने ते अडते, तेव्हा बशीतला घोट पाजणाऱ्या आजोबांना आवरावे. गाईचे दूध वर्षाच्या आत प्यायला देऊ नये.

इस्रायलमध्ये चौथ्या महिन्यापासून लोहाचे थेंब देतात, हे आपणांपैकी अनेकींनी नातवंडांच्या वेळी पाहिले असेल. येथेही अंगावर पिणाऱ्या बाळांना डॉक्टर ते देतात. थेंबांनी शी काळी होते, त्याला घाबरू नये. बाटली मात्र थोरल्या भावंडांच्या हाती लागू देऊ नये. जास्त लोह पोटात गेले तर लहान मुलाच्या जिवावर बेतते. आमच्याकडे ती वरच्या फडताळात, शब्बाथच्या मेणबत्त्यांशेजारी असते.