कोड खुला, गाडी बंद
मोटारीतल्या पडद्यावरचा नकाशा, गाणी, फोन चालवणारे सॉफ्टवेअर अनेकदा फुकट मिळणाऱ्या लिनक्सवर उभे असते. मग धंदा कशाचा? जुळणीचा, चाचणीचा, पुढच्या दुरुस्त्यांचा. पायाचा खर्च प्रतिस्पर्धीही वाटून घेतात. लिनक्स फाउंडेशनचे २०१२ चे ‘ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स’ त्यासाठीच. टोयोटाच्या २०१८ च्या कॅमरीत ते आले.

इथवर ठीक. माझा प्रश्न गाडीच्या मालकाचा आहे. लिनक्सचा परवाना, म्हणजे जीपीएलची १९९१ ची दुसरी आवृत्ती, मालकाला सोर्स कोड मिळवून देतो. पण बदललेला कोड आपल्याच वस्तूत बसवता आला पाहिजे, हे स्पष्ट सांगितले २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने. मोटारकंपन्या तिच्यापासून चार हात दूर राहतात. कारण सुरक्षिततेचे देतात. ते अगदीच खोटे नाही. पण गाण्यांच्या पडद्यालाही बहुधा कंपनीच्या सहीशिवाय कोड चालत नाही. हप्ते मात्र मालक भरतो.