उन्हानं गार केलेलं पाणी

गंगाखेडच्या रस्त्याला, दैठण्याच्या अलीकडे, लिंबाच्या झाडाखाली चार रांजण ओळीनं मांडले होते. बुडं वाळूत रोवलेली, पोटाला ओलं तरट, तोंडावर लाकडी झाकण, झाकणावर पेला. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणीचा मुक्काम आटोपून याच वाटेनं दैठण्याला आणि पुढं गंगाखेडला जाते. बहुतेक वर्षी तो जून महिना असतो, आणि जूनमध्ये मृगाचा काही भरवसा नसतो. त्या सकाळी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. रांजणांच्या शेजारी कुणीतरी सेवा म्हणून थंड पाण्याचे जार टेम्पोतून उतरवून ठेवले होते. सकाळी सातला जारचं पाणी दातांना झिणझिण्या आणत होतं आणि रांजणाकडे कुणी फिरकत नव्हतं. दुपारी दोनला तेच जारचं पाणी अंघोळीला बरं, असं झालं होतं. रांजणातलं मात्र सकाळी होतं तसंच. भोवतालचं शिवार दहा-बारा अंशांनी तापलं होतं आणि मातीच्या त्या भांड्याला जणू कुणी कळवलंच नव्हतं.

मी तरटावर तळहात ठेवला. गार, आणि ओला. पाणी घालणाऱ्या बाईंनी शेवटचा तांब्या मारून तास होऊन गेला होता. ही ओल आतून येत होती.

कुंभार माठाच्या मातीत राख किंवा घोड्याची लीद मिसळतात. भट्टीत लिदीतलं गवत जळून जातं आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ्या उरतात. म्हणजे माठ विकत घेताना आपण मातीबरोबर भोकंही घेतो, आणि कामाची असतात ती भोकं. त्यांतून पाणी पाझरत बाहेरच्या अंगाला येतं आणि वाऱ्यावर उडून जातं. पाण्याच्या कणांमध्ये सगळे सारख्या वेगाचे नसतात. उडतात ते सगळ्यांत चपळ, सगळ्यांत तापलेले. मागं राहतात ते मंद. सप्ताहाच्या मांडवातून तरणी पोरं उठून गेली की उरलेल्यांचं सरासरी वय वाढतं, तसं इथं उरलेल्यांचं सरासरी तापमान उतरतं.

इथवर शाळेत शिकलेलं असतं. मला थक्क केलं ते आकड्यांनी. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. एक किलो बर्फ वितळताना ८० घेतो. म्हणजे तरटावरून लिटरभर पाणी हवेत विरून जातं तेव्हा सात किलो बर्फ वितळण्याइतकं काम झालेलं असतं. फक्त ते काम डोळ्यांना दिसत नाही. बर्फ वितळतानाही पाण्याचं तापमान हलत नाही आणि तरी उष्णता कुठंतरी जिरत राहते, हे ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकनं १७६० च्या दशकात मोजून दाखवलं. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला अप्रकट उष्मा म्हणतात. नाव अगदी नेमकं आहे. ती उष्णता तापमापकात प्रकटच होत नाही.

मग रांजणातलं पाणी गारगार होत शेवटी गोठत का नाही? कारण पाणी गार झालं की तापलेला वारा त्याला उलट उष्णता द्यायला लागतो. उडणाऱ्या पाण्यानं नेलेली आणि वाऱ्यानं आणून दिलेली उष्णता जिथं सारखी होते, तिथं गाडी थांबते. हा थांबा कुठं, ते परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणच्या वेधशाळेत रोज मोजतात. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत दोन तापमापक शेजारीशेजारी असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीचं ओलं चिरगूट गुंडाळलेलं. वैशाखात कोरडा ४३ अंश दाखवत असेल आणि हवेत आर्द्रता जेमतेम १५ टक्के असेल, तर चिरगुटातला २३ च्या आसपास थांबतो. वीस अंशांचा फरक, आणि तोही फक्त एका ओल्या चिंधीनं केलेला. सावलीत, वाऱ्यावर ठेवलेला चांगला माठ या आकड्याच्या दोन-चार अंश वर येऊन थांबतो.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती काढून म्हणतो. एप्रिल-मे या दोन महिन्यांत त्या दोघांचं काहीच जुळत नाही. पण माठाच्या बाबतीत परभणी खरोखर जर्मनीला भारी आहे, कारण माठ चालतो तो उन्हाच्या झळांवर. वारा जितका कोरडा, तितकं पाणी पटापट उडतं. जी हवा आपला घसा कोरडा करते, तीच रांजणातलं पाणी गार करते.

शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनला गोणपाट शिवून घेतात, सकाळी विहिरीवर भिजवतात आणि ट्रॅक्टरला लटकवतात. प्लास्टिकला भोकं नाहीत, म्हणून भोकांचं काम गोणपाटाकडे दिलं. पूर्वी ट्रकच्या पुढं जाड कॅनव्हासची छागल लोंबकळत असायची; गाडी पळाली की वारा लागायचा आणि ड्रायव्हरला गार पाणी मिळायचं. याउलट हल्ली बाजारात तेलरंगानं फुलं-मोर रंगवलेले, नळ बसवलेले माठ मिळतात. दिसायला सुरेख. पण रंगानं भोकं बुजली की माठाची बरणी होते. बोअरचं जड पाणीही तेच करतं, जरा सावकाश: पाणी उडतं, क्षार भोकांत राहतात, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत बाई म्हणते, "माठ आता गार करत नाही."

आता बर्फाकडे, कारण यात्रेत माठापेक्षा बर्फाचं वजन जास्त. सरबताच्या गाड्याला आणि थंड्याच्या बाटल्यांना लादी लागते. लादी येते ती भुशात लपेटून, आणि दुकानदार तिच्यावर घोंगडी टाकतो. लहानपणी मला ही शुद्ध फसवणूक वाटायची. घोंगडी तर थंडीत ऊब देते. ती बर्फावर टाकली तर बर्फ लवकर वितळायला नको का? पण घोंगडीत स्वतःची ऊब नसतेच. लोकरीच्या केसांत अडकलेली हवा उष्णतेला ये-जा करू देत नाही, एवढंच. आत माणूस असेल तर त्याची ऊब बाहेर जात नाही, आत लादी असेल तर उन्हाची ऊब आत येत नाही. भुशाचंही तेच. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं १८० टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून, आणि तरी सुमारे १०० टन बर्फ बंदरात उतरला. पुढं अमेरिकेचा हाच बर्फ मुंबईतही येऊ लागला आणि त्याच्यासाठी तिथं खास बर्फघर बांधलं गेलं.

लादीबाबत एक साधी गोष्ट गाड्यांवर हमखास चुकते. सकाळीच टोच्यानं सगळी लादी फोडून ठेवतात. अख्खी लादी आपल्या अंगाच्या मानानं थोडंच ऊन झेलते; तिचे शंभर तुकडे केले की ऊन लागायला शंभर अंगं मिळतात. लागेल तेवढंच फोडावं. आणि बाटल्या गार करायच्या असतील तर टबमधलं वितळलेलं पाणी घाईनं ओतून देऊ नये. नुसत्या बर्फाच्या खड्यांत बाटली चार-दोन ठिकाणीच टेकते. बर्फाचं पाणी तिला चहूबाजूंनी कवटाळतं. (बर्फ निळसर दिसला तर मात्र तो सरबतात नको. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळा रंग घालायला लावतात.)

बर्फ नसला तर? अकबराकडे पाणी गार व्हायचं ते सोऱ्यानं. अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवलंय: जो सोरा तोफेच्या दारूत जातो, तोच पाण्यात विरघळवून त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची बाटली फिरवायची. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो. तोफेची दारू आणि गार पाणी एकाच सोऱ्यातून निघायचं, हे मला फार आवडतं.

पालखीच्या त्या दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळं भरून आलं आणि मृगाची पहिली सर कोसळली. वीस मिनिटं. मातीचा वास, वारकऱ्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचे कागद, गाड्यांवर ताडपत्र्या. सर थांबली तेव्हा हवा ३२ अंशांपर्यंत उतरली असेल, अंग सुखावलं. पण रांजणाचं पाणी तासाभरात साधं लागायला लागलं. आकडेमोड केली तर उलगडतं: ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर चिरगुटातला तापमापक २८ वरच अडतो. हवेतच पाणी मावेनासं झालं की रांजणातल्या पाण्यानं उडून जायचं कुठं? वैशाखात २५ वर असलेला माठ पावसाळ्यात ३० वर जातो तो असा.

आणि त्याच वेळी पलीकडच्या गाड्यावर उलटी गंमत चालली होती. टबातून काढलेल्या बाटल्यांना दरदरून घाम फुटला होता. जाहिरातीत अशी बाटली फार थंड दिसते. खरं तर तो घाम बाटलीला तापवत असतो. रांजणावरून पाणी उडताना जी उष्णता घेऊन जातं, तीच उष्णता हवेतली वाफ बाटलीवर पाणी होऊन बसताना परत देते, एका ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी. पाव मिलिमीटरही नाही, फक्त दशांश मिलिमीटर जाडीचा घाम साध्या थंड्याच्या डब्यावर साचला, तर आतलं पेय त्यानंच पाचेक अंशांनी तापतं. कोरड्या वैशाखात बाटली त्या मानानं जास्त वेळ गार राहते, आणि पावसाळी हवेत, हवा थंड असूनही, ती हातातल्या हातात कोमट होते. गाडेवाला प्रत्येक बाटली पंचानं पुसून देत होता. गिऱ्हाइकाला बरं वाटतं, पण उष्णता तोवर आत गेलेली असते. पुसण्यापेक्षा आधीच बाटलीवर घट्ट कोरडं फडकं गुंडाळलं असतं तर वाफेला काचेपर्यंत पोचायला वेळ लागला असता.

तरटाचा ओला आणि फडक्याचा कोरडा, असे दोन नियम, दोन ऋतूंचे, एकाच दुपारी एकाच रस्त्यावर.

लिंबाखालच्या बाईंनी रांजणावरचं तरट काढलं, पिळलं आणि फांदीवर टाकलं. मागून एक दिंडी येत होती, भिजलेली. बाईंनी पेला बुडवून पहिल्या म्हाताऱ्या वारकऱ्यापुढं धरला.

"आता गार नाही लागायचं माउली," त्या म्हणाल्या, "पाऊस झाला न."