इन्सुलिनची अंतराळवारी

२५ जून २०२५ रोजी, आपल्या वेळेनुसार दुपारी बारा वाजून एक मिनिटाने, फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रावरून फाल्कन-९ झेपावलं. आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांच्याकडे होतं. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी भारतीय माणूस अंतराळात निघाला होता, तेव्हा ते साहजिकच होतं. पण त्या ॲक्सिअम-४ मोहिमेच्या सामानात इन्सुलिनची पेनंही होती, आणि यानातल्या चौघांपैकी एकालाही मधुमेह नव्हता. ती पेनं कुणी टोचून घ्यायची नव्हती, नुसती वर राहून परत यायची होती.

अबुधाबीच्या बुर्जील होल्डिंग्ज या आरोग्यसमूहाने ॲक्सिअम कंपनीबरोबर आखलेल्या या प्रयोगाचं नाव ‘स्वीट राइड’. काही पेनं आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरच्या शीतपेटीत ठेवायची, काही नुसती बाहेर. परत आल्यावर औषध टिकलं का आणि पेन मात्रा नेमकी सोडतं का, हे तपासायचं. जोडीला, साखर सतत मोजणारा सेन्सर अंगावर लावून तो वर कसा चालतो तेही पाहायचं. उद्देश उघडपणे जाहीर केलेला आहे : इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला एक दिवस अंतराळात पाठवणं. आजवर मधुमेह म्हटलं की सरकारी अंतराळसंस्थांच्या निवडीत तो उमेदवार बाद होत आला आहे.

या नियमामागची भीती खोटी नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला खरा धोका साखर वाढण्यापेक्षा ती अचानक उतरण्याचा असतो. घाम फुटतो, हात थरथरतात, विचार विस्कटतात. जमिनीवर माणूस खिशातली ग्लुकोजची गोळी तोंडात टाकतो. अंतराळचालीत, म्हणजे पोशाख चढवून यानाबाहेर पडल्यावर, सहा-सात तास शिरस्त्राण बंद असतं आणि हात तोंडापर्यंत नेण्याची सोयच नसते. आत फक्त पाण्याची एक पिशवी, साधारण लिटरभराची, आणि तिची नळी ओठांजवळ. साखरेचं पाणी त्याच पिशवीत भरावं, असं चटकन सुचतं. पण मग तहान लागली म्हणून घेतलेला प्रत्येक घोटही साखरेचाच होईल.

इन्सुलिन पंप लावला तर? इथे एक अडचण आहे, आणि ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. स्थानकात हवेचा दाब समुद्रसपाटीइतका असतो, अमेरिकी अंतराळपोशाखात तो एकतृतीयांशाहूनही कमी. दाब उतरला की द्रवात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच. पंपाच्या नळकांड्यात असे बुडबुडे फुगले की ते इन्सुलिनला पुढे ढकलतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस किंग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे साध्या प्रवासी विमानाच्या बाबतीत दाखवून दिलं. विमान चढताना पंपातून ठरल्यापेक्षा सुमारे एक युनिट इन्सुलिन जास्त गेलं, उतरताना कमी गेलं. एक युनिट ऐकायला थोडं वाटतं. लहान मुलाची साखर उतरवायला ते पुरतं. आणि विमानातला दाबाचा फरक अंतराळपोशाखातल्या फरकापुढे काहीच नाही.

पेनाचीही तीच गत. घरी आपण पेन सुई वर करून उभं धरतो, टिचकी मारतो, बुडबुडा वर येतो, तो सोडून देतो. वर मुळात ‘वर’ ही दिशाच नाही. बुडबुडा औषधाच्या मधोमध तसाच राहतो. बोट टोचून साखर तपासण्याचंही असंच. रक्ताचा थेंब ओघळत नाही, बोटाच्या टोकावर गोलसर फुगून चिकटून बसतो. पट्टी त्याला लावली की ती रक्त शोषते, कारण ती केशाकर्षणावर चालते. गुरुत्वाकर्षणाशी तिला देणंघेणं नाही. सेन्सरचं गणित मात्र इतकं सोपं नाही. तो साखर थेट रक्तात मोजत नाही, कातडीखालच्या पेशींमधल्या द्रवात मोजतो, आणि त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. अंतराळात पायांकडचा दीड-दोन लिटर द्रव छाती-डोक्याकडे सरकतो, चेहरे सुजतात, पाय काटकुळे होतात. अशा शरीरात दंडावरचा सेन्सर खरं सांगतो का, हे सेन्सरच्या आकड्यांशेजारी रक्ताचे आकडे ठेवूनच कळणार.

याहून खोल प्रश्न स्नायूंचा आहे. जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू, आणि वापर थांबला की ते इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना फक्त ५ दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं. तेवढ्यानेच ग्लुकोज प्यायल्यानंतरचा इन्सुलिनचा प्रतिसाद ६७ टक्क्यांनी वाढला, म्हणजे तीच साखर उचलायला शरीराला तेवढं जास्त इन्सुलिन ओतावं लागलं. वॉटर्लू विद्यापीठाचे रिचर्ड ह्यूसन यांना सहा महिने स्थानकात राहून आलेल्या अंतराळवीरांमध्येही इन्सुलिनला प्रतिरोध वाढलेला दिसला. ही मंडळी तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात, तरीही. म्हणून मला हा विषय मूठभर अंतराळवीरांचा वाटत नाही. खुर्चीत दिवस काढणाऱ्या प्रत्येकाच्या शरीरात जे वर्षानुवर्षं सावकाश घडतं, ते तिथे काही आठवड्यांत डोळ्यांसमोर घडतं.

आपल्याला तर याची जास्तच काळजी हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशी आपल्या लोकांची घडण पुण्याच्या आसपासच्या गावांतल्या नवजात बाळांपासून दिसते, हे याज्ञिकांच्या गटाने दाखवलेलं आहे. कोठारच लहान असलेला माणूस अंतराळात गेला आणि ते आणखी आटलं, तर काय होईल? भारताची स्वतःची समानव मोहीम तयार होत असताना हा प्रश्न आपणच विचारायला हवा, दुसरं कुणी तो आपल्यासाठी विचारणार नाही. शुक्लांनी वर केलेल्या प्रयोगांत बेंगळुरूच्या ‘इनस्टेम’ संस्थेचा स्नायूपेशींवरचा प्रयोग होता, हे म्हणूनच मला फार मोलाचं वाटतं.

आता शीतपेटीबाहेर ठेवलेल्या पेनांकडे येतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, वापरात घेतलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन साधारण चार आठवड्यांत संपवायचं, हे औषधाच्या कागदावर लिहिलेलं असतं. मराठवाडा-विदर्भातल्या मे महिन्यात, वीज गेलेल्या घरात हा कागद काय कामाचा? तिथे ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकंच कामी येतं, आणि फ्रिज नसेल तर डॉक्टरही तोच सल्ला देतात. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतलं दिवसरात्रीचं तापमान नोंदवलं आणि प्रयोगशाळेत २५ ते ३७ अंशांमध्ये तसेच चढउतार घडवून इन्सुलिन तपासलं. चार आठवड्यांनंतरही त्याची ताकद टिकून होती. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. छावणी आणि अंतराळस्थानक यांना छळणारा प्रश्न एकच आहे : थंडावा नसेल तर हे औषध किती तग धरतं? मंगळाच्या वाटेवर तो आणखी बिकट होतो. जाऊन-येऊन सुमारे तीन वर्षं लागणार, आणि शीतपेटीतल्या सीलबंद इन्सुलिनची मुदतही साधारण दोन ते तीन वर्षांचीच. वाटेतल्या किरणोत्साराचा परिणाम वेगळाच.

मग इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी अंतराळाचं दार उघडायचं कसं? माझ्या मते याचं उत्तर वैमानिकांनी आधीच दिलेलं आहे. डग्लस केर्न्स ब्रिटिश हवाई दलात जेट विमानं शिकवत होते. १९८९ मध्ये त्यांना टाइप-१ मधुमेह निघाला आणि उड्डाण संपलं. अमेरिकेने १९९६ मध्ये इन्सुलिन घेणाऱ्यांना खासगी परवाना द्यायला सुरुवात केली. त्या वाटेने ते पुन्हा वैमानिक झाले आणि २००२-०३ मध्ये त्यांनी विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. २०१२ मध्ये ब्रिटनने व्यावसायिक वैमानिकांनाही अट घालून परवानगी दिली. अट अशी : उड्डाणाआधी साखर तपासायची, उड्डाणात दर तासाला तपासायची, उतरण्याच्या अर्धा तास आधी पुन्हा तपासायची, आणि प्रत्येक आकडा लिहून ठेवायचा. ४९ वैमानिकांच्या २२,०७८ उड्डाणतासांमधल्या ३८,६२१ नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी ९७.७ टक्के सुरक्षित पट्ट्यात होत्या. धोक्याच्या लाल पट्ट्यात ०.२ टक्केही नव्हत्या. २०१९ मध्ये अमेरिकेनेही व्यावसायिक वैमानिकांना वाट मोकळी केली, सतत मोजणाऱ्या सेन्सरच्या भरवशावर. कुणाची दया येऊन यातलं काही झालं नाही. दिवसातून अनेकदा बोट टोचून आकडा लिहिण्याची जी शिस्त हे लोक आयुष्यभर पाळतात, तिचाच पुरावा अधिकाऱ्यांसमोर ठेवला गेला.

अंतराळातही दारं किलकिली झाली आहेत. पायाच्या हाडाच्या कर्करोगातून वाचलेल्या हेली आर्सेनो २०२१ मध्ये इन्स्पिरेशन-४ या खासगी मोहिमेतून तीन दिवस पृथ्वीभोवती फिरून आल्या, पायात कृत्रिम हाड घेऊन. एक पाय गमावलेले ब्रिटिश शल्यविशारद जॉन मॅकफॉल यांना युरोपीय अंतराळ संस्थेने निवडलं, त्यांच्या प्रत्येक अडचणीचा वेगळा अभ्यास केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दीर्घ मोहिमेसाठी वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरवलं. इन्सुलिन घेणारा पहिला प्रवासीही बहुधा अशाच एखाद्या छोट्या खासगी मोहिमेतून जाईल. त्याला अंतराळचाल करावी लागणार नाही, आणि पृथ्वी काही तासांच्या अंतरावर असेल. सेन्सर, पेन आणि पट्टी या तिन्हींच्या वर घेतलेल्या नोंदी तोवर पुरेशा जमायला हव्यात. त्यातही पंपाचा बुडबुडा आधी सुटायला हवा, कारण पुढे कधी त्या माणसाला पोशाख चढवून बाहेर पडायचं झालं, तर सगळं तिथेच अडणार आहे.