उभ्या गाडीची बॅटरी का बसते?

आमचा चारशेसात वर्षातले जेमतेम चार महिने राबतो. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचे क्रेट, मध्येच कधी खताच्या गोण्या, आणि जून लागला की शेडमध्ये. मग पावसाळ्यात कधी गरज पडली आणि चावी फिरवली, की सेल्फ नुसता ‘टक’ करायचा. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या. ‘गाडी वापरात नाही, म्हणून बसते’ असं जो तो सांगायचा. ते निम्मंच खरं होतं, आणि उरलेलं निम्मं शोधायला एक मल्टिमीटर आणि दहाचा पाना पुरला.

आधी बॅटरीचंच माप घ्यायचं. बारा व्होल्टची म्हणतो ती बॅटरी खरं तर सहा सेलची असते, आणि पूर्ण भरलेली असताना टर्मिनलवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे अंदाजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० ला तिच्यात पाव भागच उरलेला असतो. आकडा बाराचा दिसला म्हणून समाधान मानू नका. आणि गाडी बंद केल्या केल्या किंवा चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर मीटर फुगीर आकडा दाखवतो. रात्रभर विश्रांती देऊन सकाळी मोजावं.

आता पहिली परीक्षा, जिला कौशल्य लागत नाही, थोडा धीर लागतो. बॅटरी बाहेर पूर्ण चार्ज करा, एक रात्र जाऊ द्या, आकडा लिहून ठेवा. निगेटिव्ह वायर काढूनच ठेवा आणि आठ दिवसांनी पुन्हा मोजा. वायर जोडलेली नसताना बॅटरी उतरली, तर दोष तिच्या पोटात आहे. प्लेटा गेल्या असतील, एखादा सेल बसला असेल. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर घाला: भरलेल्या बॅटरीत १.२६ ते १.२८ यावं. पाच सेल सारखे आणि एकच खूप खाली असेल, तर त्या बॅटरीवर आणखी खर्च करू नका. आकडा हलला नाही, तर बॅटरी निर्दोष. माझी आठ दिवसांनी १२.६ च होती. आधीच्या दोन बॅटऱ्या बहुतेक उगाच भंगारात गेल्या, हे तेव्हा कळलं.

चार्जिंगची तपासणी दोन मिनिटांची. इंजिन चालू ठेवून थोडी रेस द्या आणि टर्मिनलवर मोजा; १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवं. कमी येत असेल तर आधी पट्टा, मग अल्टरनेटर. माझ्याकडे १३.९ येत होते. म्हणजे भरणं ठीक, गळती दुसरीकडे.

गळती मोजायची पद्धत अशी. चावी काढा, केबिनचा दिवा बंद, दारं बंद. निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या खाचेत घाला, आणि सुटलेली वायर व बॅटरीचं टोक यांच्या मध्ये मीटर जोडा, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जाईल. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका. सेल्फ शेकड्यांनी अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज तिथंच उडतो. मीटर नसेल तर त्याच जागी इंडिकेटरचा बल्ब जोडून बघता येतो. तो पेटला तर गळती मोठी, पण न पेटल्यानं गळती नाही असं ठरत नाही. वायर टेकवून ठिणगी पाहण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडा. टेपच्या मेमरीमुळेही ठिणगी पडते, आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीची वाटच पाहत असतो.

माझ्या मीटरवर आलं ०.३८ अँपिअर. ऐकायला किरकोळ, पण हिशेब करा: चोवीस तासांत ९ अँपिअर-अवरहून जास्त. बॅटरी ९० ची, म्हणजे पाच दिवसांत अर्धी, दहा दिवसांत रिकामी. गळतीचा आकडा हातात आला की ‘गाडी किती दिवस उभी राहू शकते’ याचं उत्तर असं थेट मिळतं. अशा जुन्या गाडीत ०.०५ च्या आत असेल तर काळजी नाही.

मग मीटर तसाच ठेवून एकेक फ्यूज काढत जायचा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, चोर त्या लाइनवर. नेहमीचे संशयित ठरलेले आहेत: नंतर बसवलेला टेप आणि त्याचा अँप्लिफायर, चिकटलेला रिले, ब्रेक लाइटचा अडकलेला स्विच, दिवाळीत लावलेली एलईडीची पट्टी, जीपीएस. कंपनीच्या वायरिंगपेक्षा आपण मागाहून जोडलेल्या वायरीच जास्त पितात, हा माझा अनुभव.

पण मी सगळे फ्यूज काढले तरी मीटर ०.३८ वरच. इथं बरेच जण हात टेकतात. वास्तविक ही फार मोलाची खूण आहे: गळती फ्यूजच्या पेटीतून जातच नाही. पेटीला वळसा घालून बॅटरीकडून सरळ जाणाऱ्या जाड वायरी दोनच, एक सेल्फची आणि एक अल्टरनेटरची. ज्याला आपण अजून डायनामो म्हणतो त्या अल्टरनेटरच्या आत डायोड असतात. ते करंटला बॅटरीकडे जाऊ देतात, परत येऊ देत नाहीत. एखादा डायोड उलटीकडून गळू लागला, की उभ्या गाडीतही करंट मागच्या दारानं निघून जातो. मी मीटर सोडवला, निगेटिव्ह बाजूला ठेवून अल्टरनेटरची जाड वायर काढली, तिच्या टोकाला टेप गुंडाळला आणि मीटर परत जोडला. ०.०२. वायरमननं डायोडची प्लेट बदलून दिली.

एक राहिलं. बॅटरीच्या डोक्यावर साचलेली ओलसर धूळही करंट वाहते. मीटर व्होल्टवर ठेवून काळी पिन निगेटिव्ह टर्मिनलला लावा, लाल पिन झाकणावरून फिरवा. व्होल्ट दिसले तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून घ्या. झाकणं घट्ट हवीत, सोडा सेलमध्ये गेला तर आतलं अ‍ॅसिड निकामी होतं.

मोठ्या, चोवीस व्होल्टच्या ट्रकवाल्यांनी एक वेगळी गोष्ट पाहावी. तिथं दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, आणि टेप बारा व्होल्टचा म्हणून कुणीतरी एकाच बॅटरीवरून वायर ओढलेली असते. ती एकटी उतरत जाते आणि गाडी चालू असताना दुसरी गरजेपेक्षा जास्त भरते. दोन्ही वेगवेगळ्या मोजा. आकड्यांत फरक दिसला तर ती वायर काढून कन्व्हर्टर बसवा.

आता ०.०२ चाही हिशेब मांडला. दिवसाला अर्धा अँपिअर-अवर, म्हणजे तीन महिन्यांत बॅटरी अर्धी. शिवाय बॅटरी आपली आपणही थोडी उतरते, उन्हाळ्यात जास्तच. निर्दोष गाडीसुद्धा जून ते ऑक्टोबर तग धरत नाही, ती अशी. ‘आठवड्यातून पाच मिनिटं चालू करतो’ हा उपायही लुटुपुटूचा. उतरलेली बॅटरी भरायला आयडलवरची पाच मिनिटं नाही, काही तास लागतात. मी निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवला आहे. गाडी शेडमध्ये लावली की तो बंद, आणि श्रावणात एकदा व घटस्थापनेआधी एकदा चार्जर लावतो. १२.४ च्या खाली बॅटरी महिनोन्‌महिने राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि ते नंतर कितीही चार्ज केलं तरी पूर्ण उतरत नाही.