पाण्याला उतार कळतो

शाबान महिन्याच्या २९ तारखेला मगरीबच्या सुमारास अमरावतीत काय किंवा अकोल्यात काय, गच्च्या माणसांनी भरून जातात. लहानथोर सगळे पश्चिमेकडे डोळे लावून उभे असतात. ‘दिसला, दिसला!’ असा गलका होतो तेव्हा दिसलेली असते ती केसाएवढी बारीक कोर. चंद्र मात्र त्या वेळीही पूर्ण गोलच असतो. ज्या भागावरचा उजेड आपल्यापर्यंत पोचतो तेवढाच आपल्याला दिसतो, इतकेच.

चंद्राचा उरलेला भाग अंधारात असला तरी तो कशाचा आहे हे आपल्याला ठाऊक असते. तेच दगड, तीच माती. विश्वाची गोष्ट याहून अवघड आहे. तारे, ग्रह, वायू, धूळ, म्हणजे आपण ज्याला वस्तू म्हणतो ते सगळे एकत्र केले तरी विश्वातल्या एकूण द्रव्याचा जेमतेम सहावा हिस्सा भरतो. बाकीचे पाच हिस्से अशा द्रव्याचे आहेत, जे उजेड देत नाही, उजेड अडवत नाही आणि हाताला लागत नाही. त्याला डार्क मॅटर किंवा मराठीत कृष्णद्रव्य म्हणतात. शास्त्रज्ञ सांगतात की हे न दिसणारे द्रव्य नसते, तर आकाशात आज दिसते त्यातले जवळजवळ काहीच घडले नसते. सूर्य नाही, पृथ्वी नाही आणि पाहायला आपणही नाही. एवढा मोठा दावा कशाच्या आधारावर केला जातो, ते या लेखात पाहू.

माशाच्या तोंडाजवळचा ढग

नोव्हेंबरमधल्या बिनचंद्राच्या रात्री, इशानंतर, शहराच्या दिव्यांपासून दूर मेळघाटच्या बाजूला गेलात, तर डोक्यावरून थोडे उत्तरेला एक पुसट पांढुरका डाग दिसतो. इराणमधील अब्दुर रहमान अल-सूफी यांनी ९६४ च्या सुमारास लिहिलेल्या ताऱ्यांवरील ग्रंथात या डागाची नोंद केली. अरबांच्या आकाशातल्या एका मोठ्या माशाच्या तोंडाजवळ असलेला ‘छोटा ढग’, असे त्यांनी त्याचे वर्णन केले आहे. आज आपण त्याला देवयानी दीर्घिका म्हणतो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एक वस्ती. आपली आकाशगंगा ही अशीच एक वस्ती, आणि देवयानी ही आपली शेजारीण, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर.

अल-सूफींनंतर हजार वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी याच ढगाचा वेग मोजला. अपेक्षा सरळ होती. आपल्या सूर्यमालेत पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, तर फार दूरचा नेपच्यून जेमतेम ५ किलोमीटर वेगाने. सूर्यापासून लांब गेले की ओढ कमी, म्हणून वेगही कमी. देवयानीतही कडेचे तारे आणि वायू हळू फिरायला हवे होते. पण ते मध्याजवळच्यांसारखेच, सेकंदाला २०० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत होते. दिसणाऱ्या ताऱ्यांची ओढ एवढ्या वेगाला धरून ठेवायला पुरेशी नव्हती. काहीतरी आणखी, पुष्कळ आणखी, तिथे असल्याशिवाय हिशेब जुळेना.

असा इशारा त्याआधीही मिळाला होता. स्वित्झर्लंडमध्ये वाढलेल्या फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये दीर्घिकांचा एक मोठा समूह तपासला आणि त्यातल्या दीर्घिका फार वेगाने धावताहेत, तरी समूह फुटत कसा नाही, असा प्रश्न विचारला. न दिसणाऱ्या द्रव्याबद्दल त्यांनी तेव्हाच लिहिले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. रुबिन यांच्यासारख्यांनी एकामागून एक दीर्घिका मोजल्या, तेव्हा ते लक्ष द्यावेच लागले.

हिशेब कुठे चुकत होता

वेगापेक्षाही मोठा पुरावा विश्वाच्या बालपणातून आला. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. ते ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना निघालेला प्रकाश आजही सर्व दिशांनी येतो आणि खास दुर्बिणींनी तो टिपता येतो. १९९२ मध्ये नासाच्या कोबे उपग्रहाच्या मोजणीतून कळले की तो प्रकाश जवळजवळ सगळीकडे सारखा आहे. फरक आहे तो सुमारे एक लाखात एक इतका. म्हणजे त्या काळी साधे द्रव्य फारच समप्रमाणात पसरलेले होते. ना कुठे ढीग, ना कुठे खड्डा.

आता साधा गुणाकार करा. तेव्हापासून आजपर्यंत विश्व सुमारे ११०० पट प्रसरण पावले. गुरुत्वाकर्षण दाट भागाला अधिक दाट करत जाते, पण प्रसरण त्याला विरोध करते. या ओढाताणीत असा बारीक फरक साधारण तेवढ्याच पटीने वाढू शकतो. एक लाखातला एक, गुणिले ११००: उत्तर येते शंभरात एक. म्हणजे १३८० कोटी वर्षांनंतरही विश्वात कुठे शंभर आणि कुठे एकशे एक इतकाच फरक पडायला हवा होता. आपली आकाशगंगा तर सरासरी विश्वापेक्षा लाखो पट दाट आहे. निव्वळ साध्या द्रव्याला एवढी वस्ती उभी करायला वेळच पुरत नाही.

मग वेळ कोणी मिळवून दिला?

पूर्णेच्या खोऱ्यातले उत्तर

वऱ्हाडच्या माणसाला हे कळायला पूर्णेचे खोरे पुरेसे आहे. अमरावतीहून दर्यापूरकडे किंवा अकोल्याहून अकोटकडे जाताना दोन्ही बाजूंना काळी जमीन सपाट पसरलेली दिसते. डोळ्यांना उतार म्हणून कुठे दिसत नाही. पण मोठा पाऊस पडला की पाणी जागेवर थांबत नाही. या धुऱ्यावरून त्या धुऱ्याकडे, तिथून नाल्यात, नाल्यातून पेढीत, मोर्णेत, काटेपूर्णेत आणि शेवटी पूर्णेत. माणसाला न दिसणारा उतार पाण्याला कळतो. आणि पाणी जिथे गेले तिथे माणसे वसली. अकोला मोर्णेच्या काठी वसले ते काही उगाच नाही.

कृष्णद्रव्याने विश्वात नेमके हेच केले. सुरुवातीच्या काळात साधे द्रव्य आणि प्रकाश एकमेकांत इतके गुंतलेले होते, की द्रव्य कुठे थोडे गोळा व्हायला लागले की प्रकाशाचा दाब ते पुन्हा पसरवून टाकायचा. कृष्णद्रव्याला प्रकाशाशी देणेघेणेच नाही. त्यामुळे ते साध्या द्रव्याच्या कितीतरी आधी आपल्या वजनाने गोळा होऊ लागले आणि त्याने जागोजागी खोलगट जागा तयार करून ठेवल्या. ३ लाख ८० हजार वर्षांच्या सुमारास अणू तयार झाले आणि प्रकाश मोकळा झाला. साध्या वायूवरचा दाब सुटला आणि तो वायू या तयार उतारांवरून पावसाच्या पाण्यासारखा खाली ओघळला.

पुढे एक फरक महत्त्वाचा ठरला. वायू दाबला गेला की तापतो, ती उष्णता प्रकाशाच्या रूपाने सोडून देतो आणि थंड होऊन आणखी खाली बसतो. शेवटी त्याचे तारे होतात. कृष्णद्रव्याला प्रकाश सोडता येत नाही. म्हणून ते खाली बसत नाही, दीर्घिकेभोवती मोठ्या गोल वलयासारखे पसरून राहते. आपली आकाशगंगाही अशा एका वलयाच्या मधोमध आहे. देवयानीच्या कडेचे तारे जोरात का फिरतात, त्याचे उत्तरही तेच.

आधी लहान वस्त्या झाल्या, त्या एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या, दीर्घिकांचे समूह झाले, समूहांचे महासमूह झाले. २००५ मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांनी १००० कोटींहून अधिक काल्पनिक कण संगणकात सोडून हा सगळा प्रवास गणिताने घडवून पाहिला. निघालेले चित्र आपल्याकडच्या जिनिंगमध्ये रोज दिसते. रुई दोन्ही हातांनी हलकेच ताणली की कुठे गुठळी राहते, गुठळ्यांना जोडणारे तंतू दिसतात आणि तंतूंमध्ये मोकळी जागा पडते. दीर्घिका त्या तंतूंवर वसल्या आहेत आणि मोठमोठे समूह त्या गुठळ्यांत. दुर्बिणींनी काढलेल्या विश्वाच्या नकाशातही हीच वीण दिसते.

पुण्यात सापडलेली ‘सरस्वती’

या विणीतली एक फार मोठी गाठ शोधण्याचा मान महाराष्ट्राकडे आहे. जुलै २०१७ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ आणि ‘आयसर’ या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी एक महासमूह सापडल्याचे जाहीर केले आणि अनेक प्रवाहांच्या प्राचीन नदीवरून त्याला ‘सरस्वती’ नाव दिले. जॉयदीप बागची यांच्या नेतृत्वाखालच्या या गटात आयसरचे तेव्हाचे पीएच.डी.चे विद्यार्थी शिशिर सांख्यायन होते, आयुकाचे प्रतीक दाभाडे आणि संचालक सोमक रायचौधुरी होते, जमशेदपूरच्या एनआयटीचे प्रकाश सरकार आणि केरळच्या एका महाविद्यालयातले जो जेकबही होते.

सरस्वती मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिची लांबी ६० कोटी प्रकाशवर्षे. तिचे एकूण वस्तुमान सूर्याच्या हिशेबात मांडायचे तर २ च्या पुढे १६ शून्ये द्यावी लागतात. तिच्या दोन सर्वांत वजनदार समूहांपैकी एक झ्विकी यांच्या यादीतला आहे. ज्यांनी न दिसणारे द्रव्य पहिल्यांदा मोजले, त्यांचेच नाव इथे पुन्हा भेटते.

तिथून आज पोचणारा प्रकाश विश्व सुमारे १००० कोटी वर्षांचे असताना निघालेला आहे. म्हणून सरस्वती सापडल्यावर एक प्रश्नही उभा राहिला: इतकी मोठी रचना इतक्या आधी तयार कशी झाली? कृष्णद्रव्याच्या सिद्धांताला अशा रचनांचा हिशेब द्यावा लागतो. चांगला सिद्धांत अशा परीक्षांपासून पळत नाही.

आयुकाच्या इतिहासातच याचे उदाहरण आहे. संस्थेचे संस्थापक संचालक, कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर, महास्फोटाच्या रूढ सिद्धांतावर अखेरपर्यंत शंका घेत राहिले. त्याच आयुकात थानू पद्मनाभन यांनी रूढ सिद्धांताच्या चौकटीत विश्वातल्या रचना कशा घडतात हे गणिताने मांडले आणि १९९३ मध्ये आलेला त्यांचा ग्रंथ जगभर अभ्यासला गेला. एका छताखाली दोन मते राहिली, वाद झाले ते पुराव्यांवर. आपल्या घराघरांत, मोहल्ल्यांत ही सवय आली तर किती बरे होईल.

अजून हाती आलेले नाही

कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, हे आजही कोणाला माहीत नाही. ते फार वेगाने धावणाऱ्या कणांचे नसावे, हे बऱ्यापैकी पक्के झाले आहे. तसे असते तर लहान वस्त्या टिकल्याच नसत्या. जमिनीखाली खोल प्रयोगशाळा करून त्याचा कण पकडण्याचे प्रयत्न चालू आहेत. झारखंडमधल्या जादुगुडा खाणीत साडेपाचशे मीटर खोलीवर अशी एक प्रयोगशाळा २०१७ मध्ये सुरू झाली. अजून कण कोणाला सापडलेला नाही. असे द्रव्यच नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलावा लागेल, असे म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. पण वेग, बालपणीचा प्रकाश आणि विश्वाची वीण, या तिन्ही साक्षी एका दमात जुळवणे त्यांना आतापर्यंत जमलेले नाही.

तोवर दोन गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. एक, ‘डार्क’ या शब्दात काळी जादू नाही, कोणाच्या नशिबाचा दोष नाही आणि कृष्णविवर ही तर वेगळीच वस्तू आहे. मोबाइलवर असे काही आले तर पुढे पाठवण्याआधी ‘कोणी मोजले? कसे मोजले?’ हे दोन प्रश्न विचारायला त्यांना शिकवावे. दुसरी, ‘माहीत नाही’ हे उत्तर लाजिरवाणे नसते. ‘एवढे माहीत आहे, एवढे नाही’ असे सांगता येणे, हीच विद्या.

ही विद्या आपल्या मुलामुलींपासून फार दूर नाही. बारावी विज्ञानानंतर आयसरसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. अमरावती विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केल्यावर एम.एस्सी.साठी ‘जॅम’ आणि पुढे संशोधनासाठी ‘जेस्ट’ परीक्षा देता येते. सरस्वती ज्या आकाश-नकाशातून सापडली, तो अमेरिकेतल्या एका दुर्बिणीने तयार केला आणि जगातल्या कोणालाही फुकट पाहता येतो. अकोल्यातल्या मुलीला गणित येत असेल आणि घरातून ‘शिक, आम्ही आहोत’ असे म्हटले गेले, तर पुणे इथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.