गोळेश्वरच्या खाशाबांचा अर्धा तास

सातारा म्हटले की आपल्या घरांत पहिली आठवण निघते ती बाबासाहेबांच्या शाळेची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते तेथे दाखल झाले, हे आपल्या मुलांना पाठ असते. त्याच जिल्ह्यातील, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांविषयी विचारा, निम्मी मुले गप्प बसतील. म्हणून आज ही हकीकत.

खाशाबा आपल्या समाजाचे नव्हते. पण पैशाअभावी दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी दिला. तांबड्या मातीतला हा गडी तेथे गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पुन्हा पैशाचा प्रश्न. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. विहारासाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलेल्या वाचकांना या रकमेचे वजन कळेल.

हेलसिंकीत ५७ किलो गटात जपानच्या शोहाची इशीशी लढत लांबली आणि खाशाबा हरले. अंगावरचा घाम वाळला नाही तोच सोव्हिएत मल्ल राशिद मम्मदबेयोवशी लढायला बोलावणे आले. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती, असा नियम होता. पण तो मागायचा कोणी? भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले, कांस्यपदकावर थांबले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडले.

अंगात बळ आहे, पण नियम दाखवून हक्क मागणारा माणूस शेजारी नाही, म्हणून मार खावा लागतो. हे आपण कारखान्यात आणि कचेरीत रोज पाहतो. तालमीत जाणाऱ्या आपल्या पोरांपैकी एखाद्याने पंचाची परीक्षाही द्यावी, असे आम्हाला वाटते ते यामुळेच.

शेजारच्या सांगली जिल्ह्यानेही पुढे नाव काढले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. आंदळकरांचे सुवर्ण ग्रीको-रोमन प्रकारातले, म्हणजे कमरेखाली पकड घ्यायला बंदी! आपल्या मातीत तर पट काढल्याशिवाय पोराला पैलवान म्हणत नाहीत.

तरीही आमचे मन रमते ते खाशाबांच्या परतण्यात. कराडहून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, गुलाल उधळला. ते सगळे आटोपल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले आणि आलेल्या पैशांतून खर्डेकर सरांचे कर्ज फेडले.